डोणीतली ढेप

बुटीबोरीच्या आजूबाजूच्या गावांत माझ्या सासूचं नाव काढलं की जुनी माणसं अजून मान डोलावतात. रुख्माबाईसारखी मेंढरांची जाण कोणाला नव्हती, असं सांगतात. ते खरं आहे. मी तिच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. तिचं कौतुक कानावर आलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, पण ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. खोटेपणाचं म्हणाल तर त्या घरात सगळ्यात मोठी खोटारडी मी होते, आणि आज तेच सांगायला बसले आहे.

मी कन्हानची, जयवंता. बापाची नदीकाठाला पन्नासेक मेंढरं होती. आई मी लहान असतानाच गेली. चौथीपर्यंत शाळेत गेले, म्हणून चार अक्षरं लिहिता येतात. एकोणपन्नास साली ताराचंदाशी माझं लग्न झालं आणि मी बुटीबोरीच्या अलीकडच्या एका लहानशा वस्तीवर आले. सासरे शालिकराम त्याआधीच तापानं गेले होते. मागे दीडशे मेंढरं आणि दोन मुलगे, थोरला ताराचंद आणि धाकटा केशव. दोघंही कळप घेऊन बाहेर. आज या शेतात मेंढरं बसव, उद्या त्या शेतात. शेतकऱ्याला खत मिळायचं आणि आम्हाला जवारी. घर आणि कळप दोन्ही सासूच्या मुठीत होते. मुलगे तिला विचारल्याशिवाय मेंढा विकत नसत की धोतरजोडी घेत नसत.

तिची जाण कशी होती ते सांगते. मेंढी जवळ ओढायची, लोकरीत हात घालायचा आणि कण्यावरून अंगठा फिरवायचा. हाड टोचलं तर मेंढी खंगली. हाड लागलंच नाही तर माजली. दोन्ही तिला नको असायच्या. दीडशे मेंढरांच्या पाठी तिच्या हाताला पाठ होत्या. ताराचंद आठवडाभर बाहेर राहून आला की ती एकेका मेंढीवरून हात फिरवायची, आणि कोणत्या दिवशी कळप उपाशी राहिला ते त्याला सांगायची. तो कबूल करायचा.

आमच्याकडे मेंढा वर्षभर मोकळा सोडत नसत. त्याच्या पोटाखाली कापड बांधून ठेवायचं, म्हणजे तो नुसताच फिरतो. ज्येष्ठात रान जळून गेलेलं असायचं आणि मेंढ्या वाळलेल्या. तेव्हा सासू सगळा कळप घरी बोलवायची आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी लाकडी डोण्यांमध्ये त्यांना खाणं घालायची. भिजवलेली सरकी, कुटलेली जवसाची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, उन्हाळाभर वेचून ठेवलेल्या बाभळीच्या शेंगा. एका मेंढीला एक मूठ, जास्त नाही. तीन आठवड्यांत मेंढ्यांच्या अंगावर तजेला यायचा. मग आषाढात मेंढ्याचं कापड सोडायचं. अंग भरत असलेली मेंढी लवकर गाभण राहते, एखादीला जुळी होतात, आणि सगळी कोकरं कार्तिक-मार्गशीर्षात आठ-पंधरा दिवसांच्या फरकानं पडतात. शेजारच्या वस्तीवर चार महिने कोकरं पडत राहायची आणि त्यातली निम्मी मरायची. आमच्याकडे तसं कधी झालं नाही.

एकदा मेंढी गाभण राहिली की मूठ बंद. पावसाळ्यात रानात चारा असतो, तेवढा पुरे. शेवटच्या महिन्यात पुन्हा अंगठा फिरवायचा, आणि जिचं हाड लागेल तिलाच मूठ सुरू करायची. बाकीच्यांना नाही. "गाभणीले माजवलं का पिल्लू मोठं होऊन अडते," असं ती म्हणायची. म्हातारी, लंगडी अशी आठ-दहा मेंढरं मात्र बारा महिने घरच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, असायची. त्यांची डोणी रोज भरली जायची. तिच्यात ढेप घालायचं काम सासूचं आणि कोठा झाडायचं काम माझं.

इथवर ऐकून कोणीही म्हणेल, बाई हुशार होती. होतीच. तिची चूक एवढीच की तिला जगात एकच शास्त्र येत होतं आणि ते तिनं सगळ्यांना लावलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले तीन आठवडे ताराचंद कळपासोबत वर्ध्याच्या बाजूला होता. त्या तीन आठवड्यांत सासूनं मला उडदाचे लाडू खाऊ घातले. भाकरीवर तुपाची धार. गूळ-शेंगदाणे. दळणकांडण सोडलं तर कामही फारसं नाही. मला आईची आठवण नव्हती, त्यामुळे मी भुलले. मनात म्हटलं, देवानं आई नेली पण सासू चांगली दिली. कन्हानला निरोप धाडला की मी सुखात आहे. चौथ्या आठवड्यात तिनं ताराचंदाला घरी बोलावून घेतलं. त्यातला अर्थ मला पुढच्या ज्येष्ठात कळला, कोठ्यात उभी राहून मेंढ्यांना सरकी घालताना. मी एकटीच हसले. राग नंतर आला.

मला दिवस राहिले ते एक्कावन्न सालच्या फाल्गुनात. मी सासूला सांगितलं तशी ती खूश झाली, देवापुढे नारळ फोडला, आणि त्या संध्याकाळपासून माझं ताट निम्मं केलं. सकाळी एक भाकर आणि पातळ वरण, संध्याकाळी अर्धी भाकर आणि भाजी. तूप बंद, गूळ बंद, दूध तर नाहीच. ताट ती स्वतःच वाढायची. दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही.

यामागे दुष्टपणा होता असं मी पहिल्यांदा धरून चालले होते. तसं नव्हतं. तिला एक मुलगी होती, पुष्पलता. माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासूनं तिला पाच महिने स्वतःच्या हातानं भरवलं. तूप, साखर, मेंढीचं दूध, मागेल ते. पोरगी गोल झाली. मूल अडलं. यमुताई सुईण दोन दिवस झटली, पण मूल बाहेर आलं तेव्हा गेलेलं होतं, आणि दुपारी पुष्पलताही गेली. यमुताईनं मला हे सांगितलं. सासू स्वतः तिचं नाव घेत नसे. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं की पोर आपण मारली, घास भरवून मारली, आणि मेंढरांचा जो कायदा आपण रोज पाळतो तो आपल्याच लेकीला लावला नाही.

मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. पण वाईट वाटल्यानं पोट भरत नाही. चौथ्या महिन्यात मला भाकरीची स्वप्नं पडू लागली. पाणी शेंदताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. ताराचंदाला सांगितलं, तर तो म्हणाला, आईला कळतं. एक दिवस दुपारी कोठा झाडताना डोणीत ढेपेचा चुरा दिसला, नुकताच घातलेला. माहेरी आम्ही पोरं ढेप मीठ लावून खायचो. धनगराच्या घरची कोणती पोरं खात नाहीत? मी इकडेतिकडे पाहिलं आणि एक मूठ तोंडात टाकली. मग दुसरी.

त्या दिवसापासून रोज दुपारी सासू घटकाभर पडली की मी कोठ्यात जायची. जवसाची ढेप तेलकट असते, पोटात धरते. पदरात मिठाचा खडा बांधून न्यायची. मेंढरं माझ्याकडे बघत उभी राहायची, मी त्यांना बाजूला सारून आधी माझं पोट भरायची. मला नवल एकाच गोष्टीचं वाटायचं, की मी रोज एवढी खात होते तरी डोणीत कधी कमी पडली नाही. पण उपाशी माणूस असल्या गोष्टींचा फार विचार करत नाही. मार्गशीर्षात मुकुंद झाला. चांगला गुटगुटीत, आणि मी चौथ्या दिवशी उठून बसले.

झालं. सासूचा कायदा खरा ठरला. वस्तीवर, नात्यागोत्यात, बाजारात, जिथे जाईल तिथे ती मला दाखवायची. "इच्याकडे पाहा. एका भाकरीवर राहिली, अन् पोरगं कसं झालं." बायका माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. आता खरं सांगते, मला ते आवडायचं. त्या घरात मला दुसऱ्या कशासाठी कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. भांडी घासली, लोकर पिंजली, शेण काढलं, त्याचं कौतुक कोण करतो? पण एका भाकरीवर राहिलेली सून म्हणून मला मान होता. मी मान खाली घालून उभी राहायची आणि ते सगळं ऐकून घ्यायची.

पंचावन्न साली केशवचं लग्न झालं. मुलगी नागपूरची, सक्करदऱ्याची, नाव गोपिका. तिचे वडील गणपतराव एका शाळेत चपराशी होते. आमच्याच जातीचे, पण त्यांच्या घरातून मेंढरं दोन पिढ्यांपूर्वीच गेलेली. गोपिका उजळ रंगाची, बोलायला गोड, पावडरचा डबा घेऊन आलेली. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. हेवा वाटला, दुसरं काही नाही. सासूनं तिलाही तीन आठवडे लाडू खाऊ घातले आणि मी बघत राहिले.

तशी ती वाईट नव्हती. मला बाई म्हणायची, मुकुंदाला गोष्टी सांगायची. पण एक दिवस मुकुंद कोठ्यातून ढेपेचा तुकडा घेऊन आला आणि अंगणात बसून चघळू लागला. गोपिकेनं तो त्याच्या हातातून काढून फेकला. "ढोराचं खाणं पोराच्या हातात काहून देता, बाई?" तिनं विचारलं. सहज विचारलं, नाक मुरडून, शहरातली मुलगी विचारेल तसं. माझ्या मात्र कानशिलात मारल्यासारखं झालं. ज्या ढेपेवर माझं पोरगं वाढलं ती ढोराचं खाणं. म्हणजे मी कोण? मी मुकुंदाला उचलून आत नेलं. पण ते वाक्य मी मनातून जाऊ दिलं नाही.

छप्पन सालच्या फाल्गुनात तिला दिवस राहिले. ताट निम्मं झालं. पहिले दोन महिने तिला तसंही काही पचत नव्हतं. ज्येष्ठात भूक लागू लागली. घरात दीडशे मेंढ्या सरकी आणि ढेप खात होत्या, आणि ती दाराशी बसून अर्धी भाकर चावून चावून खायची, लवकर संपू नये म्हणून. केशव बिचारा मुका. एकदा त्यानं बाजारातून केळी आणली, तर सासूनं त्याच्यादेखत ती मुकुंदाला आणि शेजारच्या पोरांना वाटून टाकली. त्याला ती ओरडली नाही. पुष्पलता कशी गेली तेवढं त्याला सांगितलं, माझ्या माहितीत पहिल्यांदाच. तो पुन्हा काही घेऊन आला नाही.

श्रावणात एका दुपारी गोपिका माझ्याजवळ येऊन बसली. मी लोकर पिंजत होते. तिचे पाय सुजले होते आणि चेहरा पांढरा पडला होता. पिंजलेल्या लोकरीचा एक पुंजका तिनं हातात घेतला. मग म्हणाली, "बाई, खरं सांगा मले. तुम्ही कशा राहिल्या एवढ्यावर?"

मी हात थांबवला नाही. म्हटलं, "सवय होते."

"मले नाही होऊन राहिली वं बाई."

"होईल," मी म्हटलं.

ती उठून गेली. एवढंच झालं. मी किती वेळा मनाशी म्हणाले आहे की मला सासूची भीती वाटली. वाटली होती, ते खोटं नाही. सांगितलं असतं तर ही गोष्ट केशवकडून सासूपर्यंत गेली असती, माझी चोरी उघडी पडली असती, आणि एका भाकरीवरची सून म्हणून जो मान होता तो मातीत गेला असता. पण त्या भीतीखाली दुसरंही काही होतं. ढोराचं खाणं ना? मग राहा उपाशी. मी त्या वेळी असं मनात म्हटलं होतं, आणि ते मला आजही शब्दाशब्दानं आठवतं.

आश्विनात गणपतराव तिला बाळंतपणाला न्यायला आले. सोबत रव्याच्या लाडवांचा डबा. पांढरं धोतर, काळी टोपी, सज्जन माणूस. मुलीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सासूपुढे हात जोडले. सासूनं त्यांना नीट बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं की पहिलं बाळंतपण इथेच होईल. माहेरी लाड होतात आणि लाडानं पोर जाते, असं तिचं म्हणणं. मग तिनं मला हाक मारली. मुकुंदाला पुढे केलं. ही पाहा माझी थोरली, एका भाकरीवर राहिली, हा तिचा पोरगा. गणपतरावांनी मुकुंदाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "खरं आहे काय, बाई?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. लाडू सासूनं कळपावरच्या माणसांना वाटले. गोपिका दाराला टेकून गाडीच्या वाटेकडे बघत होती. तिला तेव्हा आठवा महिना लागत होता, पण पोट सहाव्या महिन्याएवढंही दिसत नव्हतं.

कार्तिकात मेंढ्यांची मूठ सुरू झाली. सासूनं एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि चाळीसेक खंगलेल्या निवडून वेगळ्या काढल्या. त्यांना सरकी, ढेप, तुरीचं कुटार. गोपिका रोज संध्याकाळी कोठ्याच्या दाराशी येऊन उभी राहायची आणि त्या खाताना बघायची. एकदा मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिला कळलंही नाही. तिचे ओठ मेंढ्यांसोबत हलत होते. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तिचा हात धरून डोणीपाशी न्यायला हवं होतं. मी कोठा झाडून घेतला आणि स्वयंपाकाला गेले. त्या साली कोठ्यातली लंगडी मेंढरं एवढी माजली होती की त्यांना उठताना धाप लागायची. ते मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

नागपूरची राजधानी गेली आणि आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच महिन्यातली गोष्ट. ओट्यावर बसून पुरुष तेच बोलत होते. आता सचिवालयाचं काय होणार, नागपूरला कोण विचारणार. घरात गोपिकेला कळा सुरू झाल्या, दिवस भरायला अजून बराच अवकाश असताना. यमुताईला बोलावलं. सासू भिंतीशी बसून होती. अडेल, हीच एक धास्ती तिला. पण अडलं नाही. सकाळी उन्हं अंगणात येईपर्यंत मूल बाहेर आलं. मुलगी. दोन ओंजळींत मावेल एवढी. सासूनं दोन्ही हात कपाळाला लावले. "अडलं नाही," ती म्हणाली. आनंदानं म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या घरात मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

यमुताई मात्र हसली नाही. रक्त थांबत नव्हतं. गोपिकेच्या अंगात झेलायला काही शिल्लकच नव्हतं. केशवनं बैलगाडी जुंपली, गवत टाकलं, वर घोंगडी. मी तिच्यासोबत बसले. नागपूरच्या वाटेवर अर्ध्यात तिनं माझा हात घट्ट धरला आणि पाणी मागितलं. दिलं. मग म्हणाली, "बाई, भूक लागली." गाडीत खायला काहीच नव्हतं. बाळंतिणीला ताबडतोब खायला द्यायचं नसतं असं आम्हाला वाटायचं, म्हणून कोणी बांधून घेतलंच नव्हतं. मी म्हटलं, नागपूर आलं की देते. सूर्य डोक्यावर यायच्या आत ती गेली. केशवनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बैल सोडले आणि चाकाला पाठ लावून बसून राहिला.

तिला आंघोळ मी घातली. कण्याचा एकेक मणका वेगळा दिसत होता. पोर चौथ्या दिवशी गेली. आम्ही तिला मेंढीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून पाहिलं, पण ती चोखायचीच नाही. गणपतराव आले, पण ते कोणाशी भांडले नाहीत. सासूसमोर बसले आणि हळू आवाजात विचारलं, "पोरीले काय खायाले देत होते?" सासूनं खरं ते सांगितलं. सकाळी एक, संध्याकाळी अर्धी. त्यांनी मग माझ्याकडे पाहिलं. तो पावडरचा डबा आणि तिच्या दोन साड्या घेऊन ते गेले. मला वाटतं, त्यांना सगळं कळलं होतं.

नातलग समजूत घालायला यायचे, आणि सासू त्यांना सांगायची की नशीब तिचं, थोरली पण एवढ्यावरच राहिली होती. मी पाण्याचे तांबे भरून देत उभी असायची. माझ्या खोट्यावर तिचा कायदा उभा होता आणि तिला ते माहीत नव्हतं, असं मी धरून चालले होते. तीन वर्षं मी तशीच राहिले. रात्री झोप लागत नसे असं म्हणणार नाही. झोप लागायची. जेवायला बसलं की घास फिरायचा.

अठ्ठावन्न साली केशवचं दुसरं लग्न झालं. कुसुमावती, गरीब घरची, मुकाट्यानं काम करणारी. पुन्हा तीन आठवडे लाडू. पुढच्या वर्षी तिला दिवस राहिले आणि सासूनं तिचं ताट निम्मं केलं. त्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही. धीर आला म्हणून नव्हे. पुन्हा ते सगळं बघायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

सासू दुपारी कोठ्यात डोणी भरत होती. मी आत गेले आणि दार लावून घेतलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मी एका भाकरीवर राहिले नव्हते. रोज ढेप खात होते, चोरून, ओंजळीनं. म्हणून मुकुंद जगला, म्हणून मी जगले. गोपिकेनं विचारलं होतं आणि मी सांगितलं नाही. तुमचा कायदा खोटा आहे, आत्याबाई, आणि तो मी खरा करून दाखवला.

मला वाटलं ती अंगावर येईल. ती डोणीतली ढेप हातानं सारखी करत राहिली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं. मी खाऊ लागले त्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं होतं. डोणी चाटूनपुसून साफ, तरी लंगड्या मेंढ्या खंगत चाललेल्या. म्हणून तिनं दोन मुठी जास्त घालायला सुरुवात केली, मग तीन. दुपारी झोपायचं सोंग करून ती भिंतीकडे तोंड करून पडायची.

"ताटात काहून नाही देलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"ह्या हातानं?" तिनं स्वतःचा हात वर केला. "पुष्पलताले ह्याच हातानं देलं होतं. माह्या हातानं देलं अन् तुले काही झालं असतं तर? तूनं तुह्या हातानं खाल्लं. माह्या माथ्यावर नव्हतं थे."

"अन् गोपिका?"

तिनं हात पुन्हा ढेपेत घातला. मग म्हणाली की गोपिकेसाठीही ती रोज तीन मुठी जास्त घालत होती, पहिल्या दिवसापासून.

"मेंढरं खाऊन गेले थे," मी म्हटलं. "लंगडी मेंढरं माजली होती. तुमाले समजलं नाही?"

"समजलं. भादव्यातच समजलं."

"मग?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, दोष देणंही नव्हतं. एखादी साधी गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली, "मले वाटलं, तू तिले सांगशीन."

त्या संध्याकाळी कुसुमावतीचं ताट मी वाढलं. अख्ख्या दोन भाकरी, वरण, वर तूप. सासू उठली आणि अंगणात जाऊन बसली, कुसुमावतीचं जेवण होईपर्यंत. त्यानंतर रोज ती तसंच करायची. साठ सालच्या सुरुवातीला कुसुमावतीला मुलगा झाला, दोघंही सुखरूप. ते ताट वाढायला मला कोणी अडवलं नाही, कोणी एक शब्द बोललं नाही. भाकरी टोपल्यात होत्या आणि मला फक्त हात पुढे करायचा होता. गोपिकेच्या वेळीही तेवढंच करायचं होतं.